सायकलवरून कामाला जाताना घालायला पावसाळी जॅकेट सुचवा (बजेट २,५०० रुपये)

शहापूर_ते_उद्यमबाग
बेळगावात रोज पंचवीस मिनिटं पॅडल. सध्या पीव्हीसीचा रेनकोट आहे. बाहेरचा थेंब आत येत नाही, पण पोचल्यावर बनियन पिळून काढायची वेळ. घाम बाहेर जाणारं, घडी करून डब्याच्या पिशवीत मावणारं, ३५० ग्रॅमच्या आतलं जॅकेट हवंय. २,५०० च्या वर एक रुपया नाही. पँटचं नंतर बघू.

मांडेवाला
थ्री-लेयर घ्या, विषय संपला. बाहेरचं कापड, मधला पाणी अडवून वाफ सोडणारा पडदा आणि आतलं अस्तर एकत्र चिकटवलेलं असतंय, त्यामुळं ओल्या दंडाला चिकटत नाही. आठ-दहा हजार जातील, जाऊ देत.

तिसऱ्या_गेटचा
दादा, त्यांचं बजेट वाचलंत काय? अडीच हजारात टू-लेयर नाहीतर टू-पॉइंट-फाइव्ह मिळतंय. टू-लेयरमध्ये आतलं चिकटवलेलं अस्तर नसतं, टू-पॉइंट-फाइव्हमध्ये त्याजागी नुसता छापील थर असतो, म्हणून आत पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट घालायचा. उघड्या हाताला लागलं की चिकटलंच.

घाटातला
लेबलवरचे आकडे असे वाचा. पहिला आकडा पाणी अडवायचा, १०,००० मिमी म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ठेवला तरी गळत नाही. शहरातल्या पावसाला ५,००० पण चालतंय, पण पाठीवर सॅक असेल तर पट्ट्याखाली दाब येतो, तिथं कमी आकड्याचं कापड आधी पाझरतं. दुसरा आकडा ग्रॅमचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती वाफ बाहेर जाते तो. ते मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या, त्यामुळं एका कंपनीचे १०,००० आणि दुसरीचे १०,००० एक धरू नका. दुकानात जॅकेट उलटं करा. सगळ्या शिवणींवर टेप हवी, नुसत्या खांद्यावर नको.

कुंदा_प्रेमी
एवढं कशाला? कापडाला तोंड लावून फुंकर मारा. पलीकडं हवा गेली की घाम पण जातोय.

शिंपी_गल्ली
फुंकर पलीकडं गेली तर पाऊसही अलीकडं येणार, काका. असल्या पडद्यातून वारा जात नाही, वाफ जाते. बघायचं असेल तर पेल्यात कडकडीत पाणी घ्या, तोंडावर कापड ताणून रबर लावा, वर थंड काचेचा ग्लास पालथा घाला. दोन-चार मिनिटांत ग्लासला आतून धुकं धरलं तर कापड श्वास घेतंय. पीव्हीसीवर ग्लास कोरडा राहतो.
पण वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट लागते. तरण्या-म्हाताऱ्या पावसात आपल्याकडं बाहेरचीच हवा ओथंबलेली, मग लेबलवर १०,००० ग्रॅम लिहिलेला पडदाही गप्प बसतो. म्हणून पडद्यापेक्षा काखेतल्या, उघडून हवा खेळवायच्या चेनीला पैसे द्या.

खानापूरकर
शहरातल्या चार थेंबांना एवढी चर्चा! कणकुंबी-आमगावकडं या. पाठीवर इरलं घेऊन वाकून रोप लावणाऱ्या बायकांना खालनं वारा लागतो, घामाचा प्रश्नच नाही. सायकलला सुद्धा केपच बरी. हँडलवर पसरली की मांड्या पण झाकतात.

तिसऱ्या_गेटचा
उद्यमबागेकडं जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो. केप शिडासारखी फुगते, गाडी जाग्यावरच. आणि इरलं पिशवीत मावतंय काय?

घाटातला
मापाचं कोणीच सांगितलं नाही. दुकानात हँडल धरल्यासारखं पुढं वाका. मनगट उघडं पडलं किंवा कंबर दिसली तर एक साइज वर. मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब हवी, मागच्या चाकाचा चिखल तिथंच उडतो. टोपी हेल्मेटच्या आत बसणारी घ्या. सैल टोपी मान वळवली तरी समोरच बघते, मग मागची बस दिसणार कशी? काळं घेऊ नका.
धुताना पातळ साबण, सॉफ्टनर अजिबात नाही. थेंब मोत्यासारखे ओघळायचे थांबून कापड पाणी प्यायला लागलं, तर आधी धुवा, मग वर सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवा. तरीही पीतच असेल तर वॉटरप्रूफ स्प्रे मारायचा. आणि ओलं घडी करून ठेवू नका, आतला पीयूचा (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) थर चिकट होऊन पापुद्रे सुटतात.

मांडेवाला
म्हणूनच म्हटलं, थ्री-लेयर. आणि ओलं घडी घालू नका.

शहापूर_ते_उद्यमबाग
सगळ्यांचे आभार. घेतलं. १,७५० चं साधं टू-लेयर, केशरी, ३२० ग्रॅम, काखेत चेन नाही. शिंप्याकडून काखेत हवेसाठी चार-चार आयलेट (धातूची कडी लावलेली भोकं) मारून घेणार. उरलेल्या पैशांत पूर्ण लांबीचे मडगार्ड, पुढच्याला खाली रबरी फडका, कारण बूट वरच्या पावसानं नाही, चाकाच्या पाण्यानं भिजतात. जॅकेट फक्त सकाळी जाताना. संध्याकाळी घरीच यायचंय, भिजत येणार.

शिंपी_गल्ली
आयलेट पितळी घ्या, लोखंडी गंजून कापडावर डाग पडतात. शिवणीवरच्या टेपपासून बोटभर लांब, आणि काखेच्या थोडं मागं. हँडल धरलं की काखेची पुढची बाजू वाऱ्याला उघडी पडते. आतनं कापडाची चकती चिकटवल्याशिवाय भोक पाडू देऊ नका, पातळ कापड आयलेटभोवती फाटत जातंय. चकती सुईनं टाचायला लावू नका, प्रत्येक टाका म्हणजे एक नवीन गळती.