घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आलाच?

एकांनी लिहिलं आहे की घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसंच विश्व आहे म्हणजे कर्ता आहे, आणि आपल्या परंपरेत हे सर्वमान्य होतं. यातला दुसरा भाग, म्हणजे हे सर्वमान्य होतं हा, मला अजिबात पटत नाही.

घडा-कुंभाराचा हा युक्तिवाद नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शन मानणाऱ्यांचा. पण त्यांचा ईश्वर शून्यातून काही निर्माण करत नाही, हे आपण विसरतो. परमाणू नित्य, जीवही नित्य. ईश्वर फक्त निमित्तकारण, म्हणजे असलेल्या सामग्रीतून घडवणारा. कुंभाराला माती आयतीच मिळते! म्हणजे ‘मुळात काहीतरी आहेच का’ हा प्रश्न तिथे सुटत नाही, तो विचारलाच जात नाही.

आणि याला कडाडून विरोध कुणी केला? बौद्ध-जैनांनी केलाच, पण वेदांना प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही केला. सातव्या शतकाच्या सुमारास त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी विचारलं: कर्त्याला शरीर नसेल तर निर्मितीची इच्छा कशी होईल? शरीर असेल तर ते कुणी घडवलं? करुणेपोटी सृष्टी केली म्हणावं, तर सृष्टीआधी करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच होती तर जगात एवढं दुःख का? हा शेवटचा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. पूर्वकर्माचं फळ असं उत्तर द्यायचं, तर कर्मानेच काम भागतं, मग कर्ता कशाला?

ऋग्वेदातलं सृष्टीच्या उत्पत्तीवरचं नासदीय सूक्त (१०.१२९) तर ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’ इथेच थांबतं. परम व्योमातल्या, म्हणजे सर्वोच्च आकाशातल्या, अध्यक्षालाही सृष्टी कुठून आली हे ठाऊक असेल, किंवा नसेलही.