गीझर लावला की नळाला करंट, ट्यूब मंद, एमसीबी पडतो – मदत हवी आहे (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यात आमचं जुनं घर आहे, 1987 चं. पुढच्या तीन खोल्यांत अजून सागाच्या पट्टीवरची वायरिंग आहे. मागची मोरी आणि स्वयंपाकघर 2009 ला वाढवलं तेव्हा तिथे पाइपातून वायर ओढली. लाइट सिंगल फेज. गीझर 15 लिटरचा, 2000 वॉटचा, तीन वर्षं झाली घेऊन. पाणी बोअरचं, इतकं जड की डाळ शिजता शिजत नाही.

परवा सकाळी माय अंघोळीला गेली आणि बादली भरता भरता ओरडत बाहेर आली, "नळले हात लावा का करंट लागस रे!" मला आधी वाटलं थंडीने हाताला मुंग्या आल्या असतील. टेस्टर लावला तर तोटीवर चक्क पेटला. गीझर बंद केला की विझतो.

बाकीची रडगाणी: गीझर चालू केला की मधल्या खोलीतली ट्यूब मलूल होते. दहा-पंधरा मिनिटांनी 16 अँपिअरचा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप लाइन तोडणारा खटका) पडतो, रोज नाही पण दोन दिवसाआड. गीझरच्या सॉकेटचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय आणि जवळ गेलं की जळकट वास येतो. आणि संबंध असेल-नसेल, ओट्यावरचा एलईडी बटण बंद केलं तरी रात्रभर काजव्यासारखा मिणमिणत असतो.

गावातल्या एका वायरमनने दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, 16 चा एमसीबी कमी पडतो, 32 चा टाकू. नळाच्या करंटचं विचारलं तर म्हणे, "भिंतीला ओल आहे, उन्हाळ्यात जाईल." मायचं म्हणणं, गीझर काढून टाक, माळ्यावर तांब्याचा बंब आहे आणि पऱ्हाट्यांना (कपाशीच्या वाळल्या काड्यांना) आपल्याकडे काय तोटा!

32 चा टाकू का? की सगळी वायरिंगच बदलावी लागेल?

– ओट्यावरचा

केळीचं पान: भाऊ, ट्यूब मंद होते म्हणजे न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, कुठेतरी ढिला. आमच्याकडे मीटरजवळच निघाला होता. दीपनगरचं वीज केंद्र हाकेवर असून आपल्याच घरात ट्यूब मलूल, काय बोलायचं!

जुना तारजोड्या: ओट्यावरचे, सगळ्यात आधी गीझरचा प्लग काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका. चार दिवस बंबच पेटवा, माय बरोबर सांगतेय. मी भुसावळला तीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

32 चा एमसीबी अजिबात टाकू नका. एमसीबी वायर वाचवायला असतो. मोरीत तुमची अडीच एमएमची वायर असेल, ती पाइपातून वीसेक अँपिअर नेते. पुढे 32 चा बसवलात तर वायर तापून वितळेल, तरी तो पडायचा नाही. हिशोब करून बघा. 2000 वॉट भागिले 230 व्होल्ट म्हणजे 8.7 अँपिअर. एवढ्याशा लोडवर 16 चा पडायलाच नको. तरी पडतो, कारण त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि एमसीबी पडतो. ती ओव्हरलोडने तापते तशीच शेजारचा स्क्रू ढिला असला तरी तापते. सॉकेट पिवळं, वास जळका, ट्यूब मंद, ही सगळी ढिल्या जोडाची लक्षणं. एखाद्या जोडात अर्धा ओहम रोध आला तर 8.7 अँपिअरला तिथे जवळजवळ 38 वॉट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची 25 वॉटची सोल्डरिंग इस्त्री कथील वितळवते. तुमच्या सॉकेटच्या मागे त्याहून मोठी इस्त्री रोज सकाळी चालू असते. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का बघून सांगा.

आता नळ. हे गंभीर आहे. जड पाण्याचा क्षार गीझरच्या एलिमेंटवर चढतो, एलिमेंट जास्त तापतं, त्याच्या नळीला चीर जाते आणि करंट पाण्यात, पत्र्यात उतरतो. अर्थिंग चांगलं असतं तर तो जमिनीत गेला असता. तुमच्याकडे तो मायच्या हातात गेला, म्हणजे अर्थिंग नाहीच. ओलीचं कारण सांगणाऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार कळवा आणि दुसरा, परवाना असलेला वायरमन बोलवा. त्याला टेस्ट लॅम्प लावायला सांगा. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये लखलखीत पेटला आणि फेज-अर्थमध्ये नुसता लालसर दिसला, तर अर्थ मेलेला. हे काम त्याचं आहे, तुम्ही हात घालू नका. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?

ओट्यावरचा: काका, पिना काळ्या आहेत, एक तर निळसर झालीय. खड्डा... मागच्या अंगणात होता, आबांनी दाखवल्याचं आठवतं. त्याच्यावर आता शहाबादी फरशी आहे.

जुना तारजोड्या: मला वाटलंच. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, खड्ड्याला पाणी मिळालं नाही तर कोळसा-मीठ कोरडं पडतं आणि जस्त चढवलेली लोखंडी तार गंजून तुटते. नवीन करा. कमीत कमी अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, 40 एमएमचा, त्याच्याभोवती कोळसा-मिठाचे थर आणि वर पाणी ओतायला नरसाळं. फरशी टाका, पण झाकण उघडता आलं पाहिजे.

मात्र नुसत्या अर्थिंगवर विसंबू नका. समजा खड्डा 20 ओहमचा निघाला. फेज पत्र्याला लागली तर 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर जातील. 16 चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून आरसीसीबी लावा, 30 मिलिअँपिअरचा. तो गेलेला आणि परत आलेला करंट तोलतो, फरक पडला की क्षणात लाइन तोडतो.

माहेर चोपडा: मध्येच विचारते, माफ करा. आमच्या पत्र्याच्या कूलरलाही उन्हाळ्यात झिणझिण्या येतात. पाणी भरताना मुलं हात लावतात. तेच कारण का?

जुना तारजोड्या: तेच, ताई. बहुतेक कोणीतरी तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावला असेल. तीन पिनांचा करून घ्या, आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका.

ओट्यावरचा (आठ दिवसांनी): अपडेट. नवीन वायरमन आणला, धरणगावचा, वयाने लहान पण कामाला चोख. टेस्ट लॅम्प फेज-अर्थवर पेटलाच नाही. फरशी उचकटली तर तारेचा नुसता गंजका भुगा. नवा खड्डा केला, मोरीला आणि स्वयंपाकघराला नवी हिरवी वायर ओढली, गीझरचं सॉकेट बदललं, चार एमएमची स्वतंत्र लाइन दिली, आरसीसीबी बसवला.

पण आता आरसीसीबी टिकतच नाही! गीझर लावला की खट्. गीझर काढून ठेवला तरी मिक्सर फिरवला की खट्. शेजारचे म्हणतात आरसीसीबी डुप्लिकेट आहे, बायपास करून टाक. माय चटणी पाट्यावर वाटतेय आणि माझ्याकडे बघतेय.

जुना तारजोड्या: बायपास कराल तर पुढे मला विचारू नका. तो चोर पकडतोय आणि तुम्ही चौकीदारालाच काढायला निघालात. गीझरचं कळलंच, एलिमेंट गेलंय. मिक्सरचं सांगतो. स्वयंपाकघराच्या बोर्डात 2009 ला अर्थची वायरच नव्हती ना? मग त्या वेळच्या माणसाने सॉकेटच्या आत अर्थची पिन न्यूट्रलला एका तुकड्याने जोडली असणार. असले बोर्ड मी कितीतरी उघडलेत. तेव्हा मागे अर्थ नव्हता म्हणून खपून गेलं. आता खरा अर्थ आला, न्यूट्रलचा करंट त्या वाटेने जमिनीत पळतो, आरसीसीबीला फरक दिसतो. तो तुकडा नशिबाने सापडला समजा. कधी न्यूट्रल तुटला असता तर फ्रिजचं अख्खं दार फेज झालं असतं.

एलईडीचं राहिलं होतं. बटणात लाल इंडिकेटर आहे का? नसेल तर बहुतेक बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. बंद केलं तरी होल्डरपर्यंत फेज असतेच, म्हणून तो मिणमिणतो. तिथला बल्ब मेन बंद केल्याशिवाय बदलू नका.

ओट्यावरचा: काका, पाया पडतो. तुकडा निघाला, काळ्या वायरचा, दोन इंचाचा. तोही एका नाही, दोन सॉकेटांत. एलईडीचं बटणही न्यूट्रलवरच होतं, फिरवून घेतलं, आता ओटा रात्री खराखुरा अंधारा असतो. गीझरचं एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर अंगठ्याएवढी जाड पांढरी खापरी आणि वाकणाशी केसासारखी चीर. नवीन टाकलं, कामगाराने आतला मॅग्नेशियमचा रॉडही (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) बदलला, जुन्याची नुसती तार उरली होती. तीन दिवस झाले, काही पडत नाही. पुढच्या खोल्यांची पट्टी फिटिंग कपाशीचे पैसे आले की बघू.

माय मात्र अजून गीझर बंद करूनच बादली भरते.

जुना तारजोड्या: भरू द्या, तिला सांगायला जाऊ नका. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबलं की पडला पाहिजे. नाही पडला तर बदला.

ओट्यावरचा: आत्ताच दाबलं. पडला. माय आतून ओरडतेय, मालिका चालू होती.