तीन महिन्यांची लॅब्रॅडॉर कुत्री बाहेर नुसती खेळते आणि आत येऊन पायपुसण्यावर शू करते, बागेत जायची सवय कशी लावायची?

गोडोलीची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो, बसकं घर, पुढं अंगण आणि मागं बऱ्यापैकी बाग. जूनच्या शेवटी लेकाच्या हट्टापायी लॅबचं पिल्लू आणलं, मादी आहे, नाव चिंगी, आता तीन महिने पूर्ण झाले. गुणाची आहे पण शी-शूचं काही केल्या जमेना. आणली तेव्हाच पाऊस लागलेला आणि इकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, एकदा लागला की आठ-आठ दिवस अजिंक्यतारा दिसत नाही, म्हणून आम्ही व्हरांड्यात पेपर अंथरला आणि ती तिथं शिकली पण. आता घोळ असा झालाय की पेपर दिसला की शू. परवा सासऱ्यांनी चहाला उठताना पेपर खुर्चीखाली ठेवला, परत येईपर्यंत पहिलं पान ओलं, आणि त्यांचं अजून शब्दकोडं राहिलेलं.

पेपर उचलले तर आता पायपुसणं धरलंय. स्वयंपाकघराच्या दारातलं, आणि देवघराच्या समोरचं. सासूबाई सकाळी सोवळ्यात असतात त्यामुळं घरात रोज उठून एक सीन होतो. बागेत नेत नाही असं नाही, वीस-वीस मिनिटं सोडते, तिथं ती गांडुळं हुंगते, जास्वंदीची पानं चावते, माझ्या सलवारीला लोंबकळते, सगळं करते पण ते करत नाही, आणि आत आली की दोन मिनिटांत पायपुसण्यावर. मुद्दाम करते का हो? त्यात गवत ओलं असलं की पाय उचलून उभीच राहते. फरशी शहाबादी आहे, फिनेलनं रोज दोनदा पुसते तरी वास जात नाही. मी नोकरी करते, साडेनऊ ते सहा घरात सासूसासरेच. काय करू सांगा.

वाईकर_बोलतोय

एकदा केलेल्या जागी तिचं नाक घासा आणि पेपरची सुरळी करून एक हाणा, दोन दिवसांत सुधारतीय का नाही बघा. आमच्या गावाकडं सगळी कुत्री अशीच शिकली.

कृष्णाकाठ

वाईकर दादा, राग मानू नका पण गावाकडची कुत्री नाक घासून शिकली नाहीत, ती मुळात घरातच नव्हती, रात्रंदिवस गोठ्याजवळ बाहेर, मग शिकायचं काय राहिलं. नाक घासलं की पिल्लाला एवढंच कळतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागं जाऊन करतं, आणि तुम्ही बागेत घेऊन उभे राहिलात तर तुमच्यासमोर करतच नाही. म्हणजे उलटंच झालं की.

ताई, मी सांगलीचा, गावभागात आमचा जुना वाडा आहे आणि मागं परस. तीन कुत्री वाढवली, शेवटचा कारवानी जातीचा. मुद्दाम वगैरे काही नसतं हो. पिल्लाला घर आणि बाग हे कळतच नाही, त्याला पायाखाली काय लागतंय ते कळतं. लहानपणी ज्याच्यावर सवय लागली ते डोक्यात पक्कं बसतं. तुमच्या चिंगीच्या डोक्यात पेपर बसलाय, म्हणजे कोरडं, मऊ, पाणी शोषून घेणारं काहीतरी. पायपुसणं म्हणजे तिच्या हिशोबानं जाड पेपरच. ती बिचारी तुम्ही शिकवलेलंच करतीय. तेव्हा आधी घरातली सगळी पायपुसणी, सतरंज्या, बाथरूमसमोरचं फडकं, महिनाभर माळ्यावर.

आता बाहेर वीस मिनिटं सोडता म्हणताय, तिथंच चुकतंय. मोकळं सोडलं की बाग म्हणजे खेळायची जागा होते, आणि खेळात लहान पोरांना तरी कुठं शू आठवते? पट्टा लावून न्यायची. बागेतला एकच कोपरा ठरवायचा, रोज त्याच वाटेनं तिथंच जायचं आणि आपण खांबासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, खेळायचं नाही, मोबाईल बघितला तरी चालेल. पाच-सात मिनिटं. केली की त्या क्षणी, म्हणजे उठून उभी राहिली की लगेच, शाबास म्हणून खाऊ. घरात येऊन डबा उघडून दिलात तर तिला वाटतं घरात आल्याबद्दल मिळालं. खाऊ खिशातच पाहिजे, आमचा एक खिसा कायम शेंगदाण्याएवढ्या चिकनच्या तुकड्यांच्या वासाचा असायचा, बायकोनं ती पँटच वेगळी ठेवली होती.

आणि केल्या केल्या आत आणायचं नाही. हे फार लोक चुकतात. शू झाली की मजा संपते असं दिसलं की हुशार पिल्लू धरून ठेवायला शिकतं. झाल्यावर पट्टा सोडा, पाच मिनिटं गांडुळं हुंगू दे.

नाही केली तर? आत आणा पण मोकळं सोडू नका. पट्टा तुमच्या कमरेला, नाहीतर मांडीवर. दहा मिनिटांनी परत तोच कोपरा. ज्या दोन मिनिटांत ती पायपुसणं गाठते ती दोन मिनिटंच तिला मिळाली नाही पाहिजेत.

शिरवळ_रिटर्न

वर कृष्णाकाठ यांनी सांगितलंय ते बरोबर, मी वेळेचं आणि आजारांचं बोलतो. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पास झालोय, पण इथं पिल्लू न बघता औषध सांगणार नाही.

ढोबळ हिशोब असा की वय जेवढे महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास पिल्लू जास्तीत जास्त धरू शकतं. चिंगीचे चार होतात पण ते झोपेतले. जागी असताना तास-दीड तास धरा. झोपेतून उठली की लगेच, पाणी प्यायली की थोड्या वेळानं, खेळ झाला की, आणि खाल्ल्यावर साधारण पाच ते तीस मिनिटांत. दिवसाचं जेवण तीनदा किंवा चारदा, ठरलेल्या वेळीच. मध्ये मध्ये आजी दूध-चपातीचा तुकडा टाकतात का? टाकत असतील, कारण सगळ्याच आजी टाकतात. आत जायची वेळ ठरलेली नसली तर बाहेर यायची कशी ठरेल? आणि दुधानं बऱ्याच पिल्लांना पातळ होतं, मग ते धरणं त्यांच्या हातात राहत नाही. पाणी मात्र तोडू नका.

लसीचं बघा. पार्वो या विषाणूच्या आजाराची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास, तोवर कोर्स पूर्ण धरत नाहीत. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. तुमच्या बागेला कंपाउंड असेल आणि भटकी कुत्री येत नसतील तर बागेत खुशाल न्या, पण रस्त्याकडेला आणि मैदानावर आत्ता नको. पावसाळ्यात अजून एक, साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार येतो, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. त्यामुळं तो कोपरा डबक्याजवळचा नको. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. शी रोजच्या रोज उचला, कारण हुकवर्म या जंताच्या अळ्या मातीतून अनवाणी पायात शिरतात आणि लेक बागेत खेळत असणार. कोथिंबिरीच्या वाफ्याला ते खत म्हणून अजिबात नको.

दर पंधरा-वीस मिनिटांनी थेंब थेंब करत असेल, करताना कुंथत असेल किंवा लाल दिसलं तर ते सवयीचं नाही, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. मादी पिल्लांमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं.

फिनेल बंद करा. काळं फिनेल तर घरातूनच काढा, पंजे चाटून पोटात जातं. आणि आपल्याला त्याचा वास आला म्हणजे तिला मुताचा येत नाही असं नसतं. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, तो वास मुताच्या जवळचाच. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, नसेल तर एन्झाइमची कपड्याची पावडर कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या आणि मग साध्या पाण्यानं पुसा. शहाबादी फरशी पाणी पिते, सांध्यांतून तर खाली जातं, त्यामुळं नुसतं वरवर पुसून भागणार नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

गोडोलीची_सून

थँक्यू सगळ्यांना. दूध-चपातीचं कसं ओळखलंत, आत्ताच विचारलं तर सासूबाई म्हणाल्या "एवढासाच तुकडा". दिवसातून सहादा एवढासाच.

पण मुख्य अडचण पाऊस. कोपरा ठरवला तरी गवत ओलं, ती पायच टेकत नाही. आणि सासऱ्यांचं म्हणणं लॉन जळतंय, दोन ठिकाणी पिवळे गोल पडलेत. तुळशीवृंदावन मधोमध आहे, तिथं गेली तर मग मलाच घराबाहेर राहावं लागेल.

उसाचं_पाचट

आमचं कराडजवळ शेत, तिथली युक्ती सांगतो. कंपाउंडच्या कडेला, तुळशीपासून लांब, चार बांबू रोवा आणि वर एक जुना पत्रा टाका. खालची जागा वीतभर उंच करा म्हणजे पाणी तुंबणार नाही, त्यावर वाळू आणि वर पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पसरा. पाचट नसेल तर वाळका पाला. कोरडं आणि मऊ, म्हणजे तिला जे हवंय तेच, फक्त बाहेर. पहिल्या दिवशी तिचाच मुतलेला एक पेपर त्या पाचटावर ठेवा, वर दगड, नाहीतर साताऱ्याचं वारं शेजारच्या अंगणात नेईल. रोज पेपर फाडून लहान करायचा. आमच्या कुत्र्याला पाचव्या-सहाव्या दिवशी पोस्टकार्डाएवढाच उरला होता आणि नंतर लागलाच नाही. पाचट आठवड्याला बदला. पाऊस कमी झाला की पत्रा काढा, हळूहळू पाला कमी करा, खाली माती लागली तरी ती तिथंच जाते.

लॉन जळतं ते मुतातल्या नत्रानं, युरिया एका जागी जास्त पडला की पीक करपतं तसंच. पिवळ्याच्या कडेनं गवत हिरवंगार झालेलं दिसेल बघा. केल्या केल्या त्या जागी तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं, बास.

आणि रात्री नेताना बॅटरी घेऊन जा. पावसाळ्यात गवतात घोणस असती.

कृष्णाकाठ

पत्र्याची आयडिया एक नंबर. त्यात माझं एक पदरचं सांगतो, कारण मी केलेली चूक तुम्ही करू नका.

आमचा कारवानी फक्त परसातल्या मातीवर जायचा, आणि मला त्याचा लई अभिमान. चार वर्षांत घरात थेंब नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आला. महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, इथं धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे काय झालं असेल बघा. आम्ही माणसं, दोन पिशव्या आणि कुत्रं असं नातेवाइकांच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो, खाली पार्किंगात पाणी. तिथं गच्ची होती, पण गडी गच्चीवर काही करेना. सकाळ गेली, संध्याकाळ गेली. रात्रभर दाराशी कण्हत बसला होता. आपण शिकवलेलंच पाळत होता ना तो. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या आजींनी आपल्या चार कुंड्या घमेल्यात उपड्या केल्या, मोगऱ्याची होती वाटतं माती, आणि ते घमेलं गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलं. त्याच्यावर त्यानं दीड मिनिट मुतलं असंल. आम्ही सगळे उभे राहून बघतोय आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आजींचा मोगरा गेला तो गेलाच.

तेव्हा दोन गोष्टी करा. ती करायला बसली की प्रत्येक वेळी एकच शब्द म्हणा, दोन-तीन आठवड्यांत तो शब्द आणि ते काम जोडलं जातं, मग प्रवासात, लग्नाला गेल्यावर, कुठंही उपयोगी पडतो. आणि बागेत पक्की झाली की मधूनमधून वाळू, कोबा, दुसरं गवत असंही होऊ द्या. शब्द असा निवडा की घरात उगीच कोणी बोलणार नाही. आमच्याकडं "चला" ठेवला होता, पाहुणे निघताना पंचाईत व्हायची.

वाईकर_बोलतोय

मारायचं राहू दे मग. पण आमच्या भावाकडं अडीच वर्षांचा नर आहे, तो सगळं बागेत करतो आणि आत येऊन सोफ्याच्या पायाला थोडं मारतो, ते काय?

शिरवळ_रिटर्न

दादा ते मार्किंग, शू लागली म्हणून नसतं, हद्द आखणं असतं. नसबंदीनं बऱ्याच नरांमध्ये कमी होतं, पण सवय जुनी असेल तर पूर्ण जाईलच असं नाही. सोफ्याचा पाया एन्झाइमनं धुवायला सांगा, आणि बाहेरून नवीन कुत्रं किंवा नवीन फर्निचर आलंय का घरात तेही बघा.

गोडोलीची_सून

अकरा दिवसांनी आले. पत्रा रविवारी ठोकला, पाचट मिळालं नाही म्हणून आंब्याचा पाला टाकला. पायपुसणी माळ्यावर, सगळे ओल्या पायानं घरभर फिरतोय आणि मी गप्प बसलेय. पहिले तीन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला पत्र्याखाली पहिली शू, मी एवढ्यानं शाबास म्हणाले की ती घाबरून अर्ध्यात थांबली आणि उरलेली ओट्याखाली केली. नंतर मग हळू बोलायला शिकले.

आता दिवसातून एखादीच चूक होते, ती पण संध्याकाळी मी घरी आल्यावर आनंदानं, दारातच. दुपारच्या पाळ्या सासूबाई करतात. आधी म्हणाल्या मला जमणार नाही, आता कोणाला पट्टा धरू देत नाहीत, छत्री घेऊन पत्र्याशेजारी उभ्या राहतात आणि जपमाळ ओढतात, वेळ वाया जात नाही म्हणे. दूध-चपाती सहावरून दोनवर आलीय.

फक्त एक प्रश्न. शब्द म्हणून मी "आवर" ठरवला होता, पण सासूबाई "रामकृष्णहरी" म्हणतात, जप चालूच असतो ना, आणि चिंगी आता त्यावरच बसते. उद्या गल्लीत भजन आहे. शब्द बदलता येतो का?

कृष्णाकाठ

येतो. पंधरा दिवस दर वेळी आधी नवा शब्द म्हणायचा, लगेच मागोमाग जुना, मग जुना सोडून द्यायचा. उद्या मात्र भजनाला तिला घरी ठेवा.