बेडरूमला गुलाबी रंग: चारही भिंतींना द्यावा का, आणि किती आणू?

गावभागकर:
सांगली, गावभाग. तळमजल्याची खोली १० बाय १२, उंची १० फूट, खिडकी पश्चिमेला. भिंतींवर जुना गडद हिरवा ऑइलपेंट आहे. मुलीला गुलाबीच हवाय. चारही भिंती केल्या तर अंगावर येईल का? बाथरूमकडच्या भिंतीचे खालून दोन फूट पोपडे सुटलेत, तिथं लांबी (पुट्टी) भरली तर चालेल?

रंगारी_मिरज:
लांबीचं नंतर, आधी ओल बघा. पोपडे खरवडून दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपनं बंद करा आणि २४ तास तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत आतून ओली आहे. मग बाथरूमचे टाईल्सचे सांधे आणि नहाणीची जाळी बघितल्याशिवाय डबा उघडू नका. पांढरी भुकटी दिसली तर तो खार. तो धुवायचा नाही, पाण्यात विरघळून परत भिंतीतच मुरतो. कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडून काढा. पुराचं पाणी मुरलेल्या भिंतीत क्षार राहतातच. तिथलं प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत फोडून नवं करा आणि रंगाआधी निदान चार आठवडे जाऊ द्या.

ऑइलपेंटवर सिमेंटची पुट्टी धरत नाही, पापुद्र्यासारखी सुटून येते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी पूर्ण मारा, धूळ पुसा, ऑइलपेंटवर चालणारा प्रायमर लावा. गडद हिरव्यावर एक हात पुरत नाही. खालून हिरवा डोकावला की गुलाबी मळकट दिसतो आणि लोक दोष रंगाला देतात.

कृष्णाकाठ:
चारही भिंती नको म्हणणार नाही, पण शेडकार्डवर आवडलेल्या शेडपेक्षा दोन घरं फिकी घ्या. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळं खोलीत तोच रंग गडद होतो. छत पांढरंच ठेवा.

बल्बही ठरवून घ्या. ३००० केल्व्हिनच्या पिवळट उजेडात गुलाबी पीचकडे झुकतो, ६५०० च्या पांढऱ्यात जांभळट, थंड. नमुन्याचा छोटा डबा आणून पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो सकाळी, संध्याकाळी चारला व रात्री भिंतीला लावून बघा.

रंगारी_मिरज:
माझं मत वेगळं. भडक राणी गुलाबी हवा असेल तर एकच भिंत, तीही पूर्वेची सोडून. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन समोर पूर्वेच्या भिंतीवरच येतं, आणि भडक गुलाबीतली सेंद्रिय रंगद्रव्यं बरीचशी उन्हात विटतात. फिका असेल तर चारही चालतील.

हिशोब: भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ३९० च्या आसपास. दोन हातांना लिटरला ६० चौरस फूट धरा, म्हणजे साडेसहा लिटर. सात आणा. १२ फुटांच्या एका भिंतीला दोन लिटर पुरतात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, रंगारी सवयीनं जास्त घालतात आणि पट्टे दिसतात.

गावभागकर:
फिकाच घेतो. दोन वेगवेगळ्या डब्यांत शेड बदलेल का?

कृष्णाकाठ:
मशीनवर मिसळलेल्या रंगात थोडा फरक पडतोच. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा, मग काम सुरू करा. अर्धा लिटर शिल्लक ठेवा, झाकणावर शेडचा कोड आणि बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) लिहा. पुढं डागडुजी ब्रशनं नको, त्याच रोलरनं करा, नाहीतर तिरप्या उजेडात तेवढाच तुकडा वेगळा दिसतो.