‘हॅव’चे हिंदी भाषांतर : मुंबईकरांचे अनुभव

इंग्रजीतील ‘हॅव’ या क्रियापदाला हिंदीत एकच ठरलेला प्रतिशब्द नाही. मालकी, नाते, आजार आणि सक्ती यांनुसार वाक्याची ठेवणच बदलते. मराठीतही तसेच घडते, परंतु दोन्ही भाषांच्या वाटा सर्वत्र जुळत नाहीत आणि मराठी माणूस नेमका तिथे अडतो, असे मला वाटते. शिकवताना, कामावर किंवा घरी आलेले अनुभव उदाहरणांसह सांगावेत, ही विनंती.

हिंदी शिक्षिका, दादर

‘आय हॅव अ बुक’चे ‘मेरे पास एक किताब है’ असे भाषांतर वर्गातील मुले सहज करतात, कारण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ ही रचना त्यांच्या तोंडातच असते. पुढचे वाक्य ‘आय हॅव टू ब्रदर्स’ असले, की काही जण ‘मेरे पास दो भाई हैं’ लिहितात, म्हणजे भाऊ जणू दप्तरात ठेवले आहेत, तर काही जण ‘मला दोन भाऊ आहेत’ यावरून ‘मुझे दो भाई हैं’ लिहितात. हे दुसरे उत्तर सुधारणे अधिक कठीण जाते, कारण मराठी कानाला ते मुळीच खटकत नाही. मी फळ्यावर ‘मेरे दो भाई हैं’ आणि त्याखाली ‘मेरी एक बहन है’ लिहिते, म्हणजे नात्यासाठी ‘का, के, की’ येते आणि ते पुढच्या नामाप्रमाणे बदलते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’ याचेही तसेच आहे. तिथे ‘कमरे को’ चालत नाही, ‘कमरे में दो खिड़कियाँ हैं’ असेच लिहावे लागते. नियम पाठ करून घेण्यापूर्वी ‘ही हातातली वस्तू आहे, माणसाचे नाते आहे, की जागेचा भाग आहे?’ असे विचारायला लावणे मला फार मोलाचे वाटते.

परिचारिका, परळ

उत्तर प्रदेश आणि बिहारमधून उपचारांसाठी आलेल्या कुटुंबांना इंग्रजी नोंदी हिंदीत समजावून सांगणे हे आमचे रोजचे काम आहे. ‘पेशंट हॅज फीवर’ म्हणजे ‘मरीज़ को बुखार है’. आजाराच्या बाबतीत आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘को’ बरोबर जुळतात. मात्र ‘ही हॅज हॅड हिज ब्रेकफास्ट’ असे असेल, तर ‘इन्होंने नाश्ता कर लिया है’ म्हणावे लागते आणि खाण्याच्या अर्थाचा ‘हॅव’ ‘करना’मध्ये सामावतो. रक्ततपासणी उपाशीपोटी करायची असते, त्या सकाळी हे एक वाक्य नीट सांगितले जाणे अत्यंत महत्त्वाचे असते.

अनुवादक, चर्चगेट

राजभाषा अधिनियम, 1963 च्या कलम 3(3) नुसार केंद्र सरकारच्या कार्यालयांतील सामान्य आदेश, अधिसूचना इत्यादी कागदपत्रे हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढावी लागतात. त्यामुळे ‘हॅव टू’ची वाक्ये माझ्यासमोर सतत येतात. ‘कर्मचाऱ्यांना ओळखपत्र दाखवावे लागेल’ हे मनात धरून ‘दिखाना पड़ेगा’ लिहिले, तर व्याकरण बिघडत नाही, पण परिस्थितीने लादलेल्या नाइलाजाची छटा येते. नियमासाठी ‘दिखाना होगा’ हेच शोभते. आपल्या ‘लागेल’मध्ये दोन्ही अर्थ मावतात, म्हणून मराठी अनुवादकाने इथे विशेष काळजी घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पालक, बोरीवली

लोकलमध्ये आणि बाजारात ‘मेरे को चिट्ठी लिखने का है’ सर्रास ऐकू येते आणि बोलण्यात ते चालूनही जाते. मुलीच्या वहीत मात्र ‘मुझे चिट्ठी लिखनी है’ हवे असते. ‘मला चिठ्ठी लिहायची आहे’ हे मराठी वाक्य शेजारी ठेवले, की ‘लिहायची’ आणि ‘लिखनी’ ही दोन्ही स्त्रीलिंगी रूपे तिला ताबडतोब जुळवता येतात.

महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाकुर्ली

‘आय हॅड माय हेअर कट’ या वाक्यात केस दुसऱ्याने कापलेले असतात, म्हणून हिंदीत ‘मैंने बाल कटवाए’ असे प्रयोजक रूप येते. मराठीत आपण बहुतेक वेळा नुसतेच ‘केस कापले’ म्हणतो, त्यामुळे हा ‘वा’ लिहिताना हमखास सुटतो.