खाणीतून फौजेत गेलेल्या चुलत आजोबांची तारीख कुठं मिळंल?

धर्माबादकर:
आमच्या आबांचे थोरले भाऊ सिंगरेणीच्या कोळसा खाणीत होते. तिथून फौजेत गेले अन् मलायात वारले, एवढंच घरात माहीत. पैसे यायचे ते हाली (निजामाचे) होते का कलदार (इंग्रजांचे), यावरून आजीचं अन् चुलत्याचं अजून वाजतं. देव्हाऱ्यात एक पितळी बिल्ला आहे, रुपयाएवढा, वर भोक, आकडा ठोकलेला. फौजेचा म्हणून दसऱ्याला पुजतो. तारीख माहीत नाही म्हणून जेवण सर्वपित्रीला घालतो. आजी नव्वदीची झाली, तिला तिथी पाहिजे. कुठं शोधू?

लॅम्परूम:
बिल्ल्याचं सांगतो. मी बेल्लमपल्लीला खाणीत नोकरी केली. तो फौजेचा नसावा, दिव्याचा असावा. खाली उतरताना बिल्ला खिडकीत द्यायचा अन् दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा द्यायचा, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर बिल्ला खुंटीला लटकलेला दिसला की समजायचं, माणूस खालीच आहे. तुमच्या घरात आहे म्हणजे शेवटच्या पाळीला ते वर आले होते. पूजा चालू ठेवा, काही बिघडत नाही.

जालन्याचा माजी सैनिक:
आधी पलटण ठरवा. 'हैदराबाद' नावाच्या दोन वेगळ्या होत्या. १९ हैदराबाद रेजिमेंट इंग्रजांची, तिच्यात कुमाऊनी, जाट, अहिर जास्त. १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ झालं. निजामाची फौज वेगळी. निजामाची १ हैदराबाद इन्फंट्री मलायातल्या कोटा भारूच्या विमानतळाच्या राखणीला होती. जपानी तिथं ८ डिसेंबर १९४१ ला मध्यरात्रीनंतर उतरले, पर्ल हार्बरच्याही तासभर आधी. लोक पर्ल हार्बर पाठ करतात, कोटा भारू कुणाला ठाऊक नाही, असो. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं.
कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा, फुकट आहे. ज्यांची कबर वा चितेची जागा माहीत नाही अशा २४,००० वर जणांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. आडनाव टाकू नका, नुसतं नाव टाका अन् स्पेलिंग चार तऱ्हेनं बदलून बघा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव अन् गाव असतं, ओळख त्यावरूनच पटते.

धर्माबादकर:
सापडले! तीन रात्री गेल्या. गावाच्या नावाची पार वाट लावलीय, पण पणजोबांचं नाव बरोबर, पुढं नांदेड, हैदराबाद. पण तारखेच्या जागी लिहिलंय '८ डिसेंबर १९४१ ते १५ फेब्रुवारी १९४२ च्या दरम्यान'. आता तिथी कोणती धरायची?

गोदाकाठ:
दिवस कळला नाही तरी चालतं. शस्त्रानं गेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात, गुरुजींना विचारून घ्या.

धर्माबादकर:
विचारलं, तेच म्हणाले. आजीला सांगितलं तर म्हणती, "इतकी वर्षं अवसेला जेवले. आता एक दिस आधी बोलावलं तर त्यांना कळंल का रे?" यंदा दोन्ही दिवशी पान वाढायचं ठरलंय.