दहानंतरही लॉनवरचा डीजे चालूच, आणि तक्रार केली की नाव फुटतं

तिसरा_मजला

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहते. आमच्या कंपाउंडला लागूनच लग्नाचं लॉन आहे. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तिथे द्राक्षबाग होती. आता तुळशीचं लग्न लागलं की आमचा मोसम सुरू.

लग्नाबद्दल तक्रार नाही. दुपारची सनई, मंगलाष्टकं, पंगतीची गडबड, ते ऐकायला बरंच वाटतं. त्रास हळदीचा. डीजे नऊला रंगात येतो आणि साडेअकरापर्यंत थांबत नाही.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. बोलता येत नाही. बेस सुरू झाला की उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरतात. खिडक्या लावल्या, जाड पडदे केले, तरी मांडणीतल्या वाट्या वाजत राहतात. लेक बारावीला आहे, हळदीच्या रात्री वह्या घेऊन मावशीकडे जाते.

गेल्या शनिवारी पावणेअकराला ११२ला फोन केला. दोन पोलीस आले, आवाज कमी झाला, ते गेले आणि दहा मिनिटांत पुन्हा तेवढाच. पण खरं वाईट पुढेच झालं. मॅनेजरने वऱ्हाडातल्या मुलांना सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पोलीस बोलावले. ती पाच-सहा मुलं भिंतीपाशी येऊन आमच्या खिडकीकडे बघत नाचली, शिट्ट्या मारल्या. मी दिवा मालवून सासूबाईंचा हात धरून बसून राहिले. त्या रात्रीपासून फोन उचलायची हिंमत होत नाही.

मॅनेजर म्हणतात, "आमचा बँक्वेट हॉल आहे, परवानगी आहे, आम्हाला दहाचा नियम नाही." हे खरं आहे का? आणि नाव पुढे न जाता तक्रार करता येते का? मिस्टर म्हणतात सोडून दे, रोज तोंड बघायचंय.

निवृत्त_हवालदार

ताई, मॅनेजर अर्धंच सांगतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सूट आहे ती बंदिस्त जागेला: सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे, तीही आतल्या आत. वर आकाश दिसतंय ते लॉन बंदिस्त कसं? राज्य सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री १२ची मुभा देतं, पण ती सण-उत्सवांसाठी; कुणाच्या घरच्या हळदीसाठी नाही. आवाजाचे फटाकेही दहानंतर चालत नाहीत.

दहाच्या आत तक्रार असेल तर आवाज मोजावा लागतो. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून फार तर ५ जास्त. दहानंतर मात्र उघड्यावर स्पीकर चालू असणं हाच भंग. "मीटर नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

नावाबद्दल: जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या भोंग्यांच्या प्रकरणात सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न पडताळता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नये. त्याचा उल्लेख करून पोलीस आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोन करताना लॉनचा पत्ता सांगा, स्वतःचा नको. तारखा आहेत का तुमच्याकडे?

बेस_ऑपरेटर

मी साउंडचंच काम करतो, म्हणून मोजणीतली एक गोष्ट सांगतो. मीटर ज्या 'ए' मापाने मोजतो, ते माप खालचे सूर फार कमी धरतं. ६३ हर्ट्झला जवळपास २६ डेसिबल वजा होतात. म्हणून छातीत धडधडतं पण आकडा लहान येतो. मॅनेजर मोबाइलवर आकडा दाखवतील, त्याने दबू नका. 'सी' माप खालचे सूर जवळपास पूर्ण धरतं, त्यावरही मोजायला सांगा, फरक लगेच दिसेल.

कंपाउंडची भिंत बेस अडवत नाही, पडदे तर नाहीच. उपाय स्टेजवर आहे. बेसचे खोके तुमच्या भिंतीपासून लांबच्या टोकाला हलवायचे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. आणि लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र, लॉनच्या मालकाने स्वतःच्या कुलपात ठेवावा, कारण डीजे दर वेळी वेगळा असतो आणि पाहुणे पैसे चारून आवाज वाढवून घेतात. हे मी रोज बघतो.

सिडकोकर

लग्न आयुष्यात एकदाच होतं हो. चार तास सांभाळून घ्या.

तिसरा_मजला

सिडकोकर, तुमच्या घरचं एकदाच, मान्य. माझ्या कॅलेंडरवर नोव्हेंबरपासून १९ हळदी लिहिल्या आहेत. एकाही नवरीला माझ्यामुळे गालबोट लागू नये असं मलाही वाटतं, म्हणून दहाच्या आत मी कधीच फोन केलेला नाही.

हवालदारकाका, तारखा आहेत, डीजे थांबल्याच्या वेळाही आहेत. रात्री सासूबाईंना कुशीवर वळवायला उठावं लागतं, तेव्हा लिहून ठेवते. आज खालच्या मजल्यावरच्या काकूंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, आम्हाला वाटलं फक्त आम्हालाच त्रास होतोय." संध्याकाळपर्यंत सात घरांच्या सह्या झाल्या. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाईल, सेक्रेटरींच्या सहीने. माझं नाव त्यात कुठेच नाही.

बेस_ऑपरेटर, खोके हलवण्याचं मिस्टरांना पटलं. ते उद्या लॉनच्या मालकांना भेटणार आहेत, मॅनेजरना नाही. एवढं सांगाल का: खोके नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, जेवणाच्या मंडपाकडे तोंड करून ठेवले तर चालतील? आमची खिडकी बरोबर त्यांच्या पाठीमागे येते.

बेस_ऑपरेटर

पाठीमागेही बेस येतोच ताई, तो सगळीकडे पसरतो. तोंड कुठेही असू द्या, अंतर महत्त्वाचं. मिस्टरांना पावलांनी मोजायला सांगा: भिंतीपासून आत्ता किती आणि त्या कोपऱ्यापर्यंत किती. आकडे इथे टाका, मग सांगतो.